डाव्या हाताची नायिका

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की बोईसरचा वारा बदलतो. सकाळी तो डोंगराकडून येतो, तेव्हा त्याला पेंढ्याचा वास असतो. दुपारनंतर समुद्राकडून येतो, तेव्हा मुरबे गावच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचा. असा वारा सुटला की ओळखावं, आता संध्याकाळी शाल लागणार, बाजारात कंद आणि वालाच्या शेंगा दिसणार आणि शुक्रवारी पुण्याहून नातीचा फोन येणार.

"आजी, शनिवार-रविवार बघायला एखादा सिनेमा सुचव ना. जुना, फारसा कुणाला माहीत नसलेला, पण चांगला."

तिच्या हातातल्या फोनात म्हणे हजारो सिनेमे आहेत. कोठार धान्यानं भरलंय आणि आज काय रांधावं ते सुचत नाही, अशी या पोरांची गत. मी चष्मा पुसत विचार करते. सिनेमा सुचवणं म्हणजे लग्न जमवण्यासारखं काम आहे. जमलं तर दोघं मजेत, बिघडलं तर मधल्याच्या नावानं शिमगा. मी आयुष्यात दोन्ही कामं केली आहेत, आणि तीही एकाच शनिवारी.

साठचं दशक निम्मं सरलं होतं. तारापूरच्या किनाऱ्यावर विजेचा मोठा प्रकल्प उभा राहत होता आणि त्यासाठी साताऱ्यापासून नागपूरपर्यंतची माणसं येऊन वसाहतीत राहत होती. आम्ही सांगलीकडचे. हे प्रकल्पाच्या भांडारात होते. दिवसभर नटबोल्ट द्यायचे आणि संध्याकाळी त्याच विषयावर बोलायचे. वसाहतीत करमणूक मंडळ निघालं, त्याच्या पहिल्या सभेला हे उशिरा पोचले. सभेला जो नसतो त्याच्याच गळ्यात चिटणीसपद पडतं, या न्यायानं हे चिटणीस झाले. दर शनिवारी मैदानात सिनेमा दाखवायचा, आणि तो कुठला ते चिटणिसानं ठरवायचं. आता ह्यांना सिनेमाचे दोनच प्रकार ठाऊक. मध्येच झोप लागते तो आणि सुरुवातीलाच लागते तो. त्यामुळे निवड आपोआप माझ्याकडे आली.

शिफारस करण्याची माझी एक रीत होती. गोष्ट कधी सांगायची नाही. ज्याला जे आवडतं तेवढाच घास त्याच्यापुढे धरायचा. बायकांना सांगायचं, "रुमाल आणा बरं का, पदर पुरणार नाही." फिटर मंडळींना सांगायचं, "एक गाडी दरीत कोसळते." ती बैलगाडी असते आणि दरी म्हणजे रस्त्याकडेची चर असते, हे त्यांना शनिवारी कळायचं. तोवर रिळांची पेटी मुंबईहून येऊन पडलेली असे.

मैदानाच्या कडेला दोन खांब होते. त्यांच्यामध्ये पांढरं कापड ताणून बांधायचं, झाला पडदा. अलीकडे वसाहत बसायची, खुर्च्या, सतरंज्या, स्वेटर आणि लोकरीच्या टोप्यांसकट. पलीकडे मथुराबायचं भातशेत. पावसात तिथं गुडघाभर चिखल असे, पण कापणी झाली की शेत मोकळं. मग शेजारचं सगळं गाव त्या शेतात पेंढा पसरून बसायचं. कापड पातळ होतं, त्यामुळे चित्र पलीकडेही झकास उमटायचं. फक्त आरशात दिसावं तसं, डाव्याचं उजवं होऊन.

मथुराबाय म्हणजे त्या शेताची मालकीण. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, कपाळावर मोठं कुंकवाचं बोट असायचं तिथं आता गोंदणाचा ठिपका, आणि आवाज असा की सिनेमाच्या मशीनची घरघर त्यात बुडून जाई. एकदा वसाहतीचा रखवालदार तिला पास विचारायला गेला. "पास? माझे शेतात बसायला मला पास?" ती म्हणाली. "मी तुमचे सिनेमाला नाय येत. तुमचा सिनेमा माझे शेतात येते." रखवालदार त्याच पावली परतला आणि पुढच्या शनिवारी स्वतःच तिच्याशेजारी पेंढ्यावर बसलेला दिसला.

पालघरला टॉकीज होती, पण तिथं माणसांना दार लावून कोंडतात असं ऐकल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. म्हणजे तिनं जन्मात जेवढे सिनेमे पाहिले, ते सगळे मागून.

तिचा एकुलता एक मुलगा हरेश्वर. प्रकल्पात वायरमन होता आणि शनिवारी सिनेमाचं मशीन तोच चालवायचा. हात मोठा स्थिर. पण वसाहतीच्या बालवाडीतली नलू येऊन मशीनजवळच्या सतरंजीवर बसली की तो हात येईल ते रीळ चढवी आणि गोष्ट मागेपुढे होई. एकदा तर नायक आजारानं मेला आणि पुढच्याच रिळात बागेत नाचू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, औषध लागू पडलं.

नलू केळव्याची, नारळी-पोफळीच्या वाडीतली. नोकरीपायी मामाकडे राहायची, मथुराबायच्याच गावात. हसरी, कामसू, पोरांची लाडकी. आणि डावरी. लहानपणी घरच्यांनी तिचा डावा हात फडक्यानं कमरेशी बांधून ठेवला होता. त्यामुळे लिहायला ती उजव्यानं शिकली. पण घाईत, रागात आणि मायेत डावाच हात पुढे यायचा. त्या दसऱ्याला तिनं मथुराबायला वाकून नमस्कार केला आणि आपट्याचं सोनं दिलं, ते नेमकं डाव्या हातानं. मायेनं दिलं होतं ना!

झालं. हरेश्वरनं आईकडे विषय काढला तेव्हा मथुराबाय म्हणाली, "पोरगी गुनाची हाय. रूप हाय. पन डावरी. डाव्या हातानं वाढलेलं माझे घरात कोन जेवनार? तुझा बापूस सरगातनं उठून येल."

मामांनी तोवर मनोरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. पौषात लग्नं होत नाहीत, म्हणून त्याआधी उरकायचं होतं. मनोरच्या त्या गृहस्थाला डावं-उजवं काहीही चालत होतं. पण नलूला तो चालत नव्हता. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडायची आणि रडता रडता डाव्या हातानं माझे वाल सोलून द्यायची. इतके भराभर आणि इतके सुबक की मला तिचं सांत्वन लवकर आटपवेना.

ते दिवस आठवले की मला अजून पेंढ्याचा वास येतो. कापलेल्या भाताचे खुंट चपलेतूनही टोचायचे. मशीनच्या झोतात चिलटं नाचायची आणि पडद्यावर ती बदकांएवढी दिसायची. नायिका विरहात असताना तिच्या गालावरून एक पाकोळी चालत गेली, तर मागच्या शेतातून आवाज यायचा, "अगो, पूस ती!" वाऱ्यानं पडदा फुगला की नायकाला पोट सुटे. वारा पडला की नायक पुन्हा शिडशिडीत. थंडी वाजायची, नाक गळायचं, आणि तरी शनिवार कधी येतो असं व्हायचं.

अशाच एका शनिवारी वाऱ्यानं माझी शाल उडवली आणि ती पडद्याखालून पलीकडे गेली. आणायला गेले, सहज वर पाहिलं आणि खिळून उभी राहिले. पडद्यावर नायक डाव्या हातानं जेवत होता. हवालदार डाव्या हातानं सलाम ठोकत होता. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर, जणू सगळं घर डहाणूच्या पलीकडून, गुजरातेतून आणलेलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"बस गो बाय," मथुराबायनं पेंढा सारखा केला. "उभी काय? ही सिनेमातली मानसं जात्याच डावरी. म्हनून तर एकाचा संसार धड नाय. बघावं तेवा रडतात."

घरी परतताना डोक्यात किडा वळवळू लागला. आणि मला सांगलीला मावशीबरोबर पाहिलेला एक जुना सिनेमा आठवला. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तेव्हाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. रंग नाही, नाच नाही. दुष्काळात सापडलेलं एक घर, आणि त्यात दोन जावा. धाकटी सोशीक, स्वतः उपाशी राहून साऱ्या वाडीला भाकरी वाढणारी. थोरली कजाग. आणि थोरली वाईट आहे हे सगळ्यात मागच्या बाकालाही कळावं म्हणून दिग्दर्शकानं तिला सगळी कामं डाव्या हातानं करायला लावली होती. दुधात मीठ टाकायचं, डाव्या हातानं. धाकटीच्या चुलीत पाणी ओतायचं, डाव्या हातानं. माझी मावशी तेव्हा बोटं मोडत म्हणाली होती, "त्या सटवीचा डावा हात बघ!"

आता हेच मागून पाहिलं तर? सगळं पुण्य डाव्या हाताला आणि सगळं पाप उजव्या.

"त्यात मोटार आहे का?" ह्यांनी विचारलं.

"बैलगाडी आहे."

"हाणामारी?"

"जावाजावांची शब्दाशब्दी आहे."

"अगं, लोक मला फाडून खातील!"

"तुम्हाला काय फरक पडतो? तुम्ही झोपलेलेच असता."

हे पिशवी उचलून पेटी आणायला निघाले. मुंबईच्या वितरकाच्या माणसानं पेटी देताना पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे, नक्की हाच ना? मी तोवर वसाहतभर शिफारस पेरली होती. बायकांना रुमाल, फिटरांना कोसळणारी गाडी. मोठ्या साहेबांच्या बायकोला सांगितलं की फार उच्च अभिरुचीचा आहे, सगळ्यांना कळेलच असं नाही. त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. हरेश्वर आणि नलूला मात्र सगळं खरं सांगून ठेवलं. हरेश्वर म्हणाला, "वयनी, आयला समजलं तर?" मी म्हटलं, "तू रिळं नीट लाव, बाकी देवावर सोड."

त्या शनिवारी मी आपली खुर्ची सोडून पलीकडे पेंढ्यावर, मथुराबायच्या अगदी मांडीला मांडी लावून बसले. सुरुवातीला नावं आली, तीही उलटी. एक म्हातारी म्हणाली, "आज इंग्रजी हाय काय?" मथुराबाय म्हणाली, "नावं हायत ती. वाचायची नसतात."

मग घर आलं, चूल आली, आणि धाकटी जाऊ पदर खोचून डाव्या हातानं भाकरी वाढू लागली. शेतात कुजबुज झाली, "ही बी डावरी." मथुराबाय नुसती हुंकारली. पुढे थोरलीनं इकडेतिकडे बघून दुधात मीठ टाकलं, उजव्या हातानं. मथुराबाय एकदम ताठ बसली. "उजव्या हातानं करते गो मेली! उजव्या हातानं!" मी पदरात तोंड लपवलं. मला हसू येत होतं आणि जीव धुकधुकत होता, दोन्ही एकदम.

आमच्या बाजूला असा रंग भरत असताना समोर वेगळंच चाललं होतं. सिनेमा चांगला होता, पण संथ. फारच संथ. एका प्रसंगात धाकटी सूप घेऊन नाचणी पाखडते, तर ती सगळी नाचणी पाखडून होईपर्यंत कॅमेरा हलत नाही. फिटर मंडळी दरीत कोसळणाऱ्या गाडीची वाट बघून बघून उठली. त्यांच्यामागून स्वेटर गेले, टोप्या गेल्या. मध्यंतराला समोर उरल्या रिकाम्या खुर्च्या, मोठ्या साहेबांचं कुटुंब, आणि घोरणारे आमचे चिटणीस.

मोठे साहेब मनाचे फार चांगले. चांगल्या माणसांची अशा वेळी धास्ती वाटते. खुर्च्या रिकाम्या आणि माणसं शेतात, हे त्यांना बघवेना. त्यांनी शिपायाला पाठवलं. "साहेबांनी बोलावलंय. सगळ्यांनी पुढं येऊन खुर्च्यांवर बसा!"

खुर्चीचा मान कोण सोडतो? बायका पटापट लुगड्यावरचा पेंढा झटकत उठल्या. मथुराबायनंही गुडघ्यावर हात टेकला.

"मथुराबाय, तिकडे मशीनचा आवाज फार येतो हो," मी म्हटलं.

"माझाच पोरगा चालवते ती मशीन. पोराचे आवाजाचा मला तरास?"

"थंडी पण आहे तिकडे."

"हितं काय चूल पेटवलीस?" म्हणत ती उठलीच.

मशीनजवळून हरेश्वरनं पडद्याखालून आईचे चालते पाय पाहिले असावेत. मध्यंतर निम्मंही झालं नव्हतं, शिपायाचा चहा उकळायचा होता, आणि त्यानं धाडकन पुढचं रीळ सुरू केलं. पडद्यावर धाकटी जाऊ तापानं फणफणलेली दिसली. "चालू झाला गो!" म्हणत मथुराबाय होती तिथंच, भाताच्या खुंटांवर बसली. उठायचं पुन्हा नाव नाही.

तीनचार प्रसंग होतात न होतात तोच समोर गेलेल्यांतली काशी धापा टाकत परत आली. काशी म्हणजे मथुराबायची शेजारीण, आणि गावातली कुठलीही बातमी तिच्या पोटात घटकाभर टिकत नसे. "मथुरे! अगो तिकडं सगळा उलटा हाय! धाकटी उजव्या हातानं वाढते, नि ती सटवी डावरी!"

मी डोळे मिटून घेतले. मला मनोरचं स्थळ मुंडावळ्या बांधून दिसू लागलं.

मथुराबायनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "तिकडं पावनी बसतात," ती म्हणाली. "पावन्यांसमोर मानूस कसंबी वागंल, दाखवायला. आमी आतल्या घरात बसलोय. आतल्या घरातनं दिसते तेच खरा. बस खाली, आडवी येऊ नको."

काशी बसली. इतकी वर्षं झाली, पण सिनेमाबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. चुकीच्या बाजूला बसून ते बोललं गेलं, ही गोष्ट वेगळी.

शेवटी दुष्काळात घर रिकामं होतं, थोरली दाराशी येऊन उभी राहते, आणि धाकटी आपल्या वाटणीची भाकरी तिच्या हातात ठेवते. डाव्या हातानं. सगळं शेत मुसमुसत होतं. मथुराबायनं पदरात नाक शिंकरलं आणि पेंढा झटकून तडक घरी निघून गेली. मला काही अंदाज येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार. नलूच्या मामाकडे मोठं मडकं लावून उकडहंडी केली होती. कंद, रताळी, वालपापडी आणि ओलं खोबरं घालून बंद तोंडाच्या मडक्यात शिजवलेली. मी आयत्या वेळी जेवायला हजर होते. मडक्याचं तोंड उघडलं, घरभर वाफ झाली, आणि त्या वाफेतून, न बोलावता, मथुराबाय आत आली. नुसती आली नाही, पाट घेऊन थेट स्वयंपाकघरात बसली.

मामांची धांदल उडाली. नलूला डोळ्यांनी खूण झाली, उजवा हात, उजवा! पोरीनं उजव्या हातात पळी घेतली. पळी ताटापर्यंत पोचली, कलली, आणि कंदाची वाफाळती फोड ताट सोडून मथुराबायच्या मांडीवर पडली.

मथुराबायनं ती फोड उचलली, फुंकर घातली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. मग नलूकडे बघून म्हणाली, "मी काय पावनी हाय? हात बदल."

नलूनं हात बदलला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावा हात भराभर, नेटका, एक थेंब न सांडता वाढत होता. मथुराबायनं दोनदा मागून घेतलं. उठताना मामांना म्हणाली, "देवाचा निवद मी दाखवीन. देवाला मी समजावते. बाकी सगळा तिचे हातानं."

पौष लागायच्या आत त्याच शेतात मांडव पडला.

तिकडे वसाहतीत मात्र माझ्या नावानं पुष्कळ दिवस खडे फोडले गेले. दरीत कोसळणाऱ्या गाडीचा हिशेब फिटर मंडळी रस्त्यात अडवून मागायची. ह्यांचं चिटणीसपद गेलं, आणि पदाची काळजी गेल्यामुळे ह्यांना आता नावं संपायच्या आत झोप लागू लागली. नवा चिटणीस हाणामारीचे सिनेमे आणायचा. पुढच्या पावसानंतर वसाहतीला पक्कं सभागृह झालं. सिमेंटची भिंतच पडदा. भिंतीच्या मागून काही दिसत नाही. मागच्या शेतातला सिनेमा त्या एकाच हिवाळ्याचा.

या शुक्रवारी मी नातीला तोच सिनेमा सुचवला. तिनं तो कुठूनसा शोधून काढला, आणि रविवारी फोन केला. "आजी, किती संथ आहे गं! मी अर्ध्यात बंद केला."

"तू बसली कुठे होतीस?"

"कुठे म्हणजे? समोर."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. काय समजावणार?

मीसुद्धा तो सिनेमा समोरून त्यानंतर एकदाच पाहिला. मधे बरीच वर्षं गेली होती. हरेश्वरकडे टीव्ही आला होता, आणि एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेले असताना नेमका तोच लागला. मथुराबाय आता खूप थकली होती. कान गेले होते, डोळे तेवढे शाबूत. तिला टीव्हीसमोर गादीवर बसवलेलं. नावं सरकू लागली तशी मी नलूकडे पाहिलं, नलूनं हरेश्वरकडे पाहिलं, आणि हरेश्वर अँटेना बघतो म्हणून जो कौलावर चढला तो खाली येईना. टीव्हीच्या मागे जाऊन बसावं तर तिथं भिंत.

चूल आली. धाकटी जाऊ आली. पदर खोचून तिनं भाकरी उचलली आणि उजव्या हातानं वाढली.

मथुराबाय पुढे वाकली. "हीच ना गो ती?" तिनं विचारलं.

"हीच," मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळेना.

मथुराबायनं जीभ टाळ्याला लावून चक् केलं. तिचे डोळे भरून आले होते.

"बिचारी," ती म्हणाली. "शेवटाला उजवी केली गो तिला. हात बांधून केली असंल."

मग आपलं रिकामं ताट तिनं नलूपुढे सरकवलं आणि म्हणाली, "तू वाढ."